पाय उगवतीकडं

गावात सगळे म्हणतात, विमलबाईच्या जिभेले हाड नाही. म्हणू द्या. अडतीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. तीनशेच्या वर पोराईची नाकं पुसली, अन् त्यातलेच काही आता शर्ट खोचून मले कायदा शिकवून राह्यले. आमचे सरपंच भगवंतराव त्यातलेच एक. चार वर्षांचे होते तवा सुकडीचा डबा उघडला की पहिला नंबर त्याईचा, अन् कविता म्हणायची वेळ आली की पोट दुखे.

तर एप्रिलमधी हेच भगवंतराव माह्या ओट्यावर येऊन बसले. पाणी घेतलं, चहा घेतला, उन्हाची गोष्ट काढली. मी मनात म्हटलं, हा बाबा उगाच नाही आला.

"विमलबाई, नाल्याकाठची ती जागा हाये ना, काटेरी झुडपाची," ते म्हणाले, "ते सरकारी कागदावर ई-क्लास हाये. म्हणजे पडीक. ग्रामपंचायतीनं ठराव घेतला. तिथं आठवडी बाजाराचे ओटे बांधायचे, वरतून शेड. भाजीवाल्या बाया उन्हात तळून निघून राह्यल्या, तुमी पाह्यताच."

"पाह्यते. पण तिथं माही माय हाये."

"मी कुठं नाही म्हणतो? पण कागद पाहिजे. तिथं कबरी हायेत याचा पुरावा द्या. पुढच्या मंगळवारी मंडळ अधिकारी मॅडम पाहायले येऊन राह्यल्या. पुरावा असला तर एक वीट लागणार नाही, माहा शब्द."

"अन् नसला तर?"

भगवंतराव कपातला चहा पाहत बसले. कप तर कवाचाच रिकामा झाला होता.

आमचं गाव डोणगावपासून दोन कोसांवर. एका काळी इथं ख्रिस्ती लोकाईची अकरा घरं होती. आता तीन. कोणी पुण्याले गेलं, कोणी संभाजीनगरले, कोणी देवाघरी. नाल्याकाठची अर्धा एकर जागा आमच्या मातीची. तिच्या पलीकडं, उत्तरेच्या अंगाले, मुसलमान लोकाईचं कबरस्तान. दोन्हीच्या मधात आधी काहीच नव्हतं. मंग कवातरी कबरस्तानाले तारेचं कुंपण झालं, त्याईची नोंद झाली. आमची कोण करणार? आमचे बापजादे दुसऱ्याच्या वावरात राबणारे. दगडी फरशी बसवायची कोणाची ऐपत नव्हती. लाकडी क्रूस रोवले, ते वाळवीनं खाल्ले, उरले ते कोणाच्या चुलीत गेले. मंग पावसाळ्यात नाला आडवा येते म्हणून मयत मेहकरच्या दफनभूमीत न्यायले लागले. तीस वर्षांत तिथं नवी कबर पडली नाही. झुडपं वाढली, गाव कचरा टाकू लागलं.

एकटी मी जात होती. ईस्टरच्या पहाटे, उजाडायच्या आधी. कुंपणाजवळ एक हिवराचं झाड हाये. त्याच्या बुडाशी माह्या मायची कबर. सत्यभामाबाई तिचं नाव. मी नऊ वर्षांची होती तवा तापानं गेली. तिले हिवराखाली ठेवलं, हे मले पक्कं ठाऊक. त्यानंतर बापानं मले बुलडाण्याच्या वसतिगृहात घातलं, आठ वर्षांनी परत आली, अन् तवापासून सेहेचाळीस ईस्टर मी त्या हिवराखाली मेणबत्ती लावली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी टाके ओले होते, तरी गेली. डॉक्टर ओरडला. मी म्हटलं, तुह्या मायले भेटायले तू सुट्टी काढत नाहीस का बे?

आता सांगा, अशा जागेवर कोणी टमाटे विकायचे ओटे बांधून राह्यलं तर जीव जळन का नाही?

माही नात अनुपमा अकोल्याले वकिली शिकते. फोन केला तर दुसऱ्या दिवशी हजर. पोरगी हुशार हाये, माह्यावर गेली. ती मेहकरले गेली, चर्चचं जुनं दफनाचं रजिस्टर धुंडाळलं, मोबाईलवर पानाईचे फोटो काढून आणले. आमच्या गावाची सतरा नावं. नाव, वय, तारीख, अन् पुढं एवढंच: गावी दफन केले.

"गावी म्हणजे कुठं, ते नाही लिहिलं आजी," ती म्हणाली. "नकाशा नाही, गट नंबर नाही. यानं सिद्ध काय होते?"

"मी हाये ना! मी सांगते ना माही माय कुठं हाये ते."

"तुझी खात्री म्हणजे पुरावा नाही."

माहं डोकंच सणकलं. त्याच रविवारी पाळकसाहेबांनी मेहकरच्या उपासनेत सांगितलं होतं, की डोळ्याले दिसते त्याचा भरवसा कोणी बी धरते, न दिसणाऱ्याचा धरला तर त्याले विश्वास म्हणायचं. मी तिले हे ऐकवलं. ती हसली.

"चर्चमधी चालते आजी. पंचनाम्यात नाही चालत."

"तर मंग तुह्या पंचनाम्याचंच काहीतरी चुकते," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याले. पण त्या रात्री जेवण गेलं नाही मले.

मंगळवारी सकाळी आठलाच मॅडम आल्या. तिशीतली बाई, पायात बूट, हातात फाइल, बोलणं सरळ. मले आवडली. भगवंतराव होते, ग्रामपंचायतीची चारपाच माणसं होती, अन् गाव तर फुकटचा तमाशा पाहायले असतेच. आमची तिन्ही घरं आली होती. हबीबभाई बी आले होते. हबीबभाई म्हणजे कुंपणापलीकडच्या कबरस्तानाची राखण करणारे, माह्याहून आठ वर्षांनी मोठे. त्याईचे वडील गावातल्या सगळ्या कबरी खोदायचे, त्याईच्या बी अन् आमच्या बी. खोदणाऱ्याले जात नसते, असं ते म्हणायचे.

मॅडमनं मले विचारलं, "बाई, तुमच्या आईची कबर कोणती?"

मी तरातरा चालत गेली अन् हिवराच्या बुडाशी उभी राहिली. "ही."

"नक्की?"

"प्रभू येशूची शपथ घेऊन सांगते. सेहेचाळीस वर्षं इथं मेणबत्ती लावून राह्यली मी."

मॅडमनं फाइलीत काहीतरी लिहिलं. "इथे वर काहीच दिसत नाही. आपल्याला खोदायचं नाहीये, पण वरचा कचरा आणि बोटभर माती बाजूला करून पाहू. खाली काही खूण असेल तर दिसेल."

आमच्या कचरूनं फावडं घेतलं. कचरू आमच्या तीन घरांतला एक, शेती करते, बैलजोडी बाळगून हाये. त्यानं झुडपं छाटली, प्लास्टिकच्या पिशव्या बाजूले केल्या, वरची माती हलक्या हातानं ओढली. अन् दिसलं! आमच्याकडची माती काळी कुळकुळीत. पण दोन हात खाली गेलं की पिवळा मुरूम लागते. कबर खोदली की तो मुरूम वर येते अन् भरताना काळ्या मातीत मिसळून जाते. या जागेवर कोणाचा नांगर कवाच फिरला नाही, म्हणून तो मुरूम तसाच राहिला होता. काळ्या मातीत पिवळट पट्टा, पुरुषभर लांब, दीड हात रुंद.

"कबरच आहे," मॅडम म्हणाल्या.

लोकाईत कुजबूज झाली. कचरूनं टाळी वाजवली. अनुपमा माह्या गळ्यात पडली. अन् मी त्या पट्ट्याकडं पाहतच राहिली.

पट्टा कुंपणाकडून नाल्याकडं लांब होता. म्हणजे उत्तर-दक्षिण.

तुमाले सांगते काय झालं ते. माह्या मायले ठेवलं त्या दिवशी बापानं मले कडेले उभं केलं होतं. माहा बाप वावरात राबणारा माणूस, अंगठाबहाद्दर. ख्रिस्ती झाला म्हणून गाव त्याले चिडवे, काय रे, मेल्यावर उठता म्हणे तुमी? तो नुसता हसे. पण त्या दिवशी त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "रडू नको असं नाही म्हणत मी. रड. पण उगवतीकडं तोंड करून रड. तुह्या मायचं डोकं मावळतीले हाये अन् पाय उगवतीले. ती उठन ना बाई, तवा सूर्य तिच्या तोंडासमोर असन." आमची प्रत्येक मयत अशीच ठेवतात. अन् मुसलमान लोकाईच्या कबरीत डोकं उत्तरेले, तोंड पश्चिमेले.

माह्या समोरची कबर मुसलमानाची होती. सेहेचाळीस वर्षं मी दुसऱ्याच कोणापुढं रडली होती.

हे तिथं दोघाईलेच कळलं होतं. मले, अन् हबीबभाईले. मी त्याईच्याकडं पाहिलं, त्याईनं नजर खाली घातली.

मॅडम विचारत होत्या, "कबर बाईंच्या आईची आहे, याला गावातला दुसरा कोणी दुजोरा देतो का?"

हबीबभाई पुढं आले. टोपी सारखी केली. "हाव मॅडम. विमलच्या मायचीच हाये. माह्या अब्बानं खोदली. मी तवा सतरा वर्षांचा होतो, माती ओढायले होतो."

खोटं! त्या माणसानं उभ्या जन्मात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, अन् आज माह्यासाठी भर गावात बोलला. मॅडमनं पेन उघडलं. एवढं लिहून झालं की संपलं. एक ख्रिस्ती कबर नोंदली की जागा वाचते. मी फक्त तोंड मिटून राहायचं होतं. तुमाले वाटन, विमलबाईले तोंड मिटणं जमतच नाही. पण खरं सांगू, त्या घडीले जमून राह्यलं होतं. दोन श्वास मी गप्प होती. मनात म्हटलं, देवा, जागा तर आमचीच हाये ना, मंग कबर कोणाची बी असली तर काय बिघडलं?

अन् मंग बाप आठवला. गाव हसत असताना जो खरं ते धरून उभा राहिला, त्याची मी पोर. खोट्याच्या टेकूवर मी त्याचा विश्वास उभा करू?

"मॅडम, लिहू नका," मी म्हटलं. "ही माही माय नाही."



"काय म्हणता विमलबाई?" भगवंतराव म्हणाले. "आता तर शपथ घेतली तुमी!"

"शपथ घेतली तवा मले चुकीचं माहीत होतं. आता बरोबर माहीत झालं. अजून बी तेच म्हटलं तर ते खोटं होईन. हबीबभाई, तुमी बी कशाले माह्यापायी तोंड विटाळता?"

मांगून कोणीतरी फिसकन हसलं. "सेहेचाळीस वर्षं!" असं बी ऐकलं मी. कानाच्या पाळ्या तापल्या. अनुपमाचा चेहरा पडला, तिनं माहा हात दाबला. मॅडमनं मात्र पेन बंद केलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं, बाई?"

मी सांगितलं. डोकं कुठं, पाय कुठं, आमचं कसं, त्याईचं कसं. मॅडम ऐकत होत्या.

"तुमच्या सगळ्या कबरी अशाच? पूर्वेकडे पाय?"

"सगळ्या."

"आत्ताच तुमची एक खात्री चुकली."

लागलं मले ते. पण खरंच होतं. मी म्हटलं, "ते झाडाची होती मॅडम, माह्या डोक्यातली. नऊ वर्षांच्या पोरीनं पाहिलेलं झाड. ही खात्री माही एकटीची नाही. इथं अकरा घरांनी आपापली माणसं मातीत ठेवली, अन् ती उठणार हायेत हे धरून ठेवली. गरीब होते, अडाणी होते, पण यात कोणी कसूर केली नसन. या अर्ध्या एकरावर वखर फिरवा. सतरा कबरी निघतील, सतराच्या सतरा उगवतीकडं. एक बी वेगळी निघाली ना, तर तुमच्या ओट्यासाठी घमेलं मी उचलीन. या भगवंतरावासमोर सांगते."

"आजी!" अनुपमा कानाशी कुजबुजली. "आता तर तोंडघशी पडली ना तू!"

"पडली, म्हणून काय पडूनच राहू?"

मॅडमनं घड्याळ पाहिलं, भगवंतरावाकडं पाहिलं. मंग म्हणाल्या, "फिरवा वखर. पण वरवर."

कचरूनं बैल आणून वखराले जुंपले. आधी सगळ्याईनं मिळून झुडपं तोडली, कचरा ओढला. यात भगवंतरावाचीच माणसं पुढं होती, खोटं काऊन बोलू. मंग वखर चालला. पहिल्या ताशी, म्हणजे वखराच्या पहिल्या फेरीत, काहीच नाही. नुसती काळी माती अन् गुटख्याच्या पुड्या. दुसऱ्या ताशी काहीच नाही. मी प्रार्थना करत नव्हती. करायले पाहिजे होती, पण सुचतच नव्हती. मी नुसती वखराच्या पासेकडं पाहत होती, म्हणजे त्याचं ते लोखंडी पातं माती सोलते ना, त्याच्याकडं.

तिसऱ्या ताशी कचरू ओरडला, "निघाली व मावशी!"

पिवळा पट्टा. आडवा. मावळतीकडून उगवतीकडं.

मंग एकामागून एक. दोन, तीन, पाच. एक इतकी लहान की माह्या दोन हातांत मावन. आमच्या शेवंताकाकूचं तान्हं असन ते, काकू मरेपर्यंत त्याचं नाव घेत होती. त्या लेकराचे बी पाय उगवतीलेच. मॅडम स्वतः मोजत होत्या, मोबाईलवर दिशा पाहत होत्या. अकरा. चौदा. सोळा. गाव हसायचं बंद झालं होतं. माही मान अशी ताठ झाली की दुखायले लागली.

सतराव्याले वखर कशातरी अडकला. बैल थबकले. कचरूनं माती उकरली, तर जुन्या झाडाचं खोड. सडकं, कोळशासारखं काळं पडलेलं. अन् त्या खोडाच्या बुडाशी सतरावा पट्टा.

तो तिरपा होता.

थोड्या इकडंतिकडं तर सगळ्याच होत्या, पण ही चांगलीच तिरपी. पाय उगवतीले नाही, उगवतीच्या उजव्या अंगाले, नाल्याच्या वळणाकडं. मॅडमनं दोनदा मोबाईल फिरवून पाहिला.

"ही वेगळी आहे, बाई."

भगवंतरावाचा एक माणूस कोपऱ्यातून बोलला, "घमेलं आणू का मावशी?"

शब्द दिला होता मी. घमेलं उचललंच असतं, विमल दिलेला शब्द गिळत नाही. पण त्याहून वाईट हे वाटलं, की असं कोण होतं आमच्यात, ज्याच्या माणसाईनं त्याले धड उगवतीकडं तोंड बी नाही करून दिलं?

तेवढ्यात हबीबभाई त्या पट्ट्याशी उकिडवे बसले. हातानं मुरूम चाचपला. मंग आभाळाकडं पाहिलं, नाल्याच्या वळणाकडं पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मघाशी मी झूठ बोललो, माफी करा. आता सच बोलतो. माह्या अब्बाजवळ काही असा मोबाईल नव्हता. ख्रिस्ती मयत असली की ते पहाटे इथं येऊन बसायचे. सूर्याची कोर वर आली की तिकडं फावड्यानं रेघ मारायची, अन् त्या रेघेवर खोदायचं. आता सूर्य रोज एकाच जागेवरून निघते का? उन्हाळ्यात त्या टेकडीकडून निघते. थंडीत इकडं, नाल्याच्या वळणावरून. ही मयत कडक थंडीतली हाये."

अनुपमानं मोबाईल काढला. सतरा नावं, सतरा तारखा. मार्च, सप्टेंबर, ऑक्टोबर. एप्रिल, पुन्हा सप्टेंबर. एक फेब्रुवारी. वाचता वाचता ती थांबली अन् माह्याकडं पाहिलं.

"आजी, डिसेंबरातलं एकच हाये."

तिनं नाव घ्यायची गरजच नव्हती. माय गेली तवा घरात नाताळाची कागदी चांदणी अजून टांगलेली होती. बापानं ती काढली नाही. मयत दारातून नेताना चांदणी तिच्या कपाळाले घासली, हे मले आज बी दिसते.

"सत्यभामाबाई," अनुपमानं वाचलं. "वय एकतीस. एकोणतीस डिसेंबर. गावी दफन केले."

हबीबभाई खोडाले हात लावून म्हणाले, "हेच ते जुनं हिवर, विमल. तू वसतिगृहात होती तवा वादळात पडलं. तुले जे माहीत ते नवं हाये."

मी तिथंच बसली. मातीत. सगळ्या गावासमोर. अन् रडली, हो, धाय मोकलून रडली, पण बापानं सांगितलं होतं तसं, तिचे पाय जिकडं होते, तिकडं तोंड करून.

मॅडमनं मले रडू दिलं. मंग माह्यासमोर बसल्या, फाइल गुडघ्यावर घेतली. त्याईनं लिहिलं होतं ते मले वाचून दाखवलं. सतरा दफनखुणा. रजिस्टरातल्या सतरा नोंदी. दिशा पूर्व. तिरपेपणा दफनाच्या महिन्याशी जुळतो.

"एक रकाना राहिलाय," त्या म्हणाल्या. "दिशेचं कारण. काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "हे लोक मेलेले उठणार हायेत असं मानत होते. उठल्यावर तोंड उजेडाकडं असावं म्हणून असे ठेवले."

"सरकारी कागदावर असंच लिहू?"

"असंच लिहा. माह्या बापाले लिहिता येत नव्हतं मॅडम. त्यानं अन् हबीबभाईच्या बापानं मिळून मातीत लिहून ठेवलं. तुमी फक्त उतरवून घ्या."

त्याईनं लिहिलं. शब्दाले शब्द. खाली पंच म्हणून भगवंतरावाची सही पाहिजे होती. त्याईनं पेन घेतलं, सही केली, अन् माह्याकडं न पाहता म्हणाले, "बाजाराचे ओटे जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर बसतील. तिथं सावली बी हाये."

"शाबास," मी म्हटलं. "सुकडी वाया नाही गेली."

तवा कुठं सगळे हसले, भगवंतराव बी. आता त्या जागेची कागदावर नोंद होऊन राह्यली, ख्रिस्ती दफनभूमी म्हणून. अनुपमा म्हणते, कारणाचा तो रकाना तिनं तिच्या सरांना दाखवला. सर काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही. मी बी विचारलं नाही. मले कोणाची गरज हाये?

घरी येताना मी हबीबभाईले गाठलं. "हिवराखाली कोण हाये?"

"माही दादी. शाहजादीबी. कुंपण घातलं तवा मोजणीत दोन कदम बाहेर राहून गेली."

"अन् तुमी सेहेचाळीस वर्षं मले बोलले काऊन नाही?"

हबीबभाई लाजले, सत्तरीचा माणूस. "पहिल्या साली सांगणार होतो. पण तू मेणबत्ती लावून इतकी रडली, की हिंमत झाली नाही. तुही माय नेमकी कुठं, हे बी मले ठाऊक नव्हतं, झाड पडल्यावर सगळं मिटून गेलं होतं. अन् मंग वाटलं, माह्या दादीच्या उशाशी दरसाल कोणी उजेड करून राह्यलं. मी कोण तो बंद करणारा?"

या ईस्टरले पहाटे आमची तिन्ही घरं गेली. पुण्याहून, संभाजीनगरहून माणसं आली, चाळीसच्या वर झाली. कचरूनं सतरा कबरीवर सतरा साधे दगड बसवले होते. मी मायजवळ मेणबत्ती लावली. मंग दुसरी घेऊन हिवराकडं चालली.

"तिकडं कुठं आजी?" अनुपमानं विचारलं.

"शाहजादीबीकडं. सवय झाली असन तिले. एकदम बंद केली तर बाई वाट पाहत बसन."

परत येईपर्यंत टेकडीच्या बाजूनं उजेड फुटायले लागला होता. लोक गात होते. मायच्या शेजारी दोन हात जागा मोकळी हाये. मी तिथं उभी राहिली अन् अनुपमाले जवळ घेतलं.

"मले इथं ठेवायचं. मेहकरले न्यायचं नाही. नाल्याले पाणी असलं तर खांद्यावर आणा."

"आजी, आजच्या दिवशी काय बोलते!"

"आजच्याच दिवशी बोलायचं असते हे. अन् ऐक. महिना कोणता बी असो, पहाटे स्वतः येऊन बस. कोर वर आली की फावड्यानं रेघ मार. मोबाईलवर पाहू नको."